टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक : पन्नाशीनंतरचं मोटोक्रॉस

‘चांगली गाडी कोणती?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणासाठी, ते आधी सांगा. आपला स्पर्धक आज पन्नाशी ओलांडलेला आहे.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. म्हणून तर मोटोक्रॉसमध्ये २५० सीसी टू-स्ट्रोकसमोर ४५० सीसी फोर-स्ट्रोक उभी राहिली. टू-स्ट्रोक हलकी, पडलेली गाडी उचलताना ते चार-पाच किलो कंबरेला बरोबर कळतात! व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. आरएक्स १०० वर हात बसलेला मेकॅनिक तिचा पिस्टन सहज बदलेल.

पण बघा, तिची ताकद वरच्या आरपीएमला एकदम येते. तिथं टिकायचं तर क्लच-गिअर सतत चालू, आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड होतो. फोर-स्ट्रोक खालूनच ओढते. शिवाय गॅस सोडला की इंजिनच गाडी आवरतं. टू-स्ट्रोकमध्ये हा आधार फार थोडा. येडशीच्या घाटात जुनी राजदूत उतरवलेल्यांना हे सांगायला नको.

माझं मत २५० फोर-स्ट्रोककडे झुकतं. ४५० चा मोह या वयात नको. तरी दोन्ही गाड्या वीस-वीस मिनिटं चालवून बघा. शेवटच्या पाच मिनिटांत क्लचवरची बोटं साथ देत असतील, तर खुशाल टू-स्ट्रोक घ्या.