समजून घ्या : प्रयोगशाळेतला विषाणू बाहेर येऊ नये म्हणून काय करतात? 'बीएसएल' म्हणजे नेमके काय?

द्वारका (नाशिक) : देशातील पहिल्या फिरत्या बीएसएल-३ प्रयोगशाळेचे उद्घाटन १८ फेब्रुवारी २०२२ रोजी नाशिकमध्ये तत्कालीन केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या हस्ते झाले. पुढे २०२३ मध्ये केरळात निपाहची साथ आली, तेव्हा अशी प्रयोगशाळा कोझिकोडला पाठवण्यात आली. पण 'बीएसएल-३' म्हणजे काय?

चार पातळ्या कोणत्या?
बीएसएल म्हणजे जैवसुरक्षा पातळी. जंतू जितका घातक, तितकी पातळी वरची.
• १ : निरुपद्रवी जंतू, उदा. पावातले यीस्ट
• २ : डेंग्यूसारखे विषाणू
• ३ : हवेतून पसरणारे घातक जंतू, उदा. क्षयाचे जिवाणू
• ४ : निपाह, इबोला. देशातील अशी पहिली प्रयोगशाळा पुण्याच्या एनआयव्हीमध्ये आहे.

तिसऱ्या पातळीवर खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. त्यामुळे दार उघडले तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. बाहेर सोडायची हवा हेपा फिल्टरमधून गाळली जाते.

धोका खरंच असतो का?
हो. २००३ मध्ये सिंगापूरमधील एका संशोधक विद्यार्थ्याला सार्स झाला. तो काम करत होता वेस्ट नाईल विषाणूवर. त्याच्या नमुन्यात सार्सचा विषाणू मिसळला गेला होता. १९७८ मध्ये बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात देवीच्या विषाणूवर संशोधन सुरू असताना त्याच इमारतीत काम करणाऱ्या छायाचित्रकार जॅनेट पार्कर यांचा देवीने मृत्यू झाला.

भारतात नियम काय?
घातक सूक्ष्मजीव आणि जनुकबदल केलेल्या जीवांसाठी १९८९ चे नियम लागू आहेत. असे संशोधन करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असणे आवश्यक आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रयोगशाळेतील जंतूयुक्त कचरा जागेवरच निर्जंतुक करूनच बाहेर द्यावा लागतो.

विद्यार्थ्यांनी काय पाळावे?
• पिपेट तोंडाने ओढू नका.
• आत खाणे-पिणे नको, मोबाइल बाहेर ठेवा.
• ॲप्रन घालून कॅन्टीनमध्ये जाऊ नका. बाहेर पडताना हात साबणाने धुवा.
• नमुना सांडला तर त्यावर टिपकागद टाका, कडेकडून मध्याकडे जंतुनाशक ओता, थोडा वेळ थांबून मगच पुसा.
• सुई टोचली किंवा काही सांडले, तर लगेच मार्गदर्शकांना सांगा. लपवलेला अपघात घरापर्यंत पोहोचू शकतो.