आधी क्रियापद शोधा

नोव्हेंबरअखेरची कॅट, म्हणजे व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा, तोंडावर आली की अभ्यासिकांमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. समोर इंग्रजी उतारा, शेजारी मोबाइल. वाक्य अडलं की त्याचा फोटो काढायचा, एआयला ‘सोप्या इंग्रजीत सांग’ म्हणायचं, आलेलं उत्तर वाचायचं आणि पुढे जायचं. वाक्य कळल्यासारखं वाटतं. परीक्षेत मात्र मोबाइल नसतो. गेली काही वर्षं तिथल्या इंग्रजी विभागात 40 मिनिटांत 24 प्रश्न असतात आणि त्यातले बहुतेक अशाच वाक्यांनी भरलेल्या उताऱ्यांवर असतात.

अवघड वाक्य स्वतःच्या शब्दांत मांडणं, म्हणजे क्लासच्या भाषेत ‘पॅराफ्रेज’ करणं, हे काम यंत्राला देऊ नये असं मला मनापासून वाटतं. सोपं झालेलं वाक्य हा त्या कामाचा शेवट असतो. वाचन सुधारतं ते त्याआधीच्या खटपटीत, आणि मोबाइल नेमकी तीच खटपट वाचवतो.

ही खटपट करायची कशी? बहुतेक मुलं शब्दकोश उघडून अवघड शब्दाजागी सोपा शब्द बसवतात. पण हे वाक्य पाहा: ‘द क्लेम दॅट द रिफॉर्म्स द कमिटी प्रपोज्ड हॅड फेल्ड रेस्टेड ऑन फ्यू फॅक्ट्स.’ यातला एकही शब्द दहावीच्या मुलाला नवा नाही. तरीही पुष्कळ जण उत्तर देतात, ‘समितीच्या सुधारणा फसल्या.’ लेखक तसं म्हणतच नाही. अडचण शब्दांत नाही, बांधणीत आहे.

इथे मला शाळेतल्या संस्कृतच्या बाई आठवतात. श्लोक फळ्यावर लिहून झाला की त्या अर्थ सांगायच्या नाहीत. विचारायच्या, ‘क्रियापद कुठे आहे?’ ते सापडलं की, ‘कोण?’ मग ‘काय?’, ‘कुठे?’, ‘कसला?’ एकेका प्रश्नाला श्लोकातलं एकेक पद येऊन चिकटायचं आणि विस्कटलेल्या ओळींचं सरळ वाक्य व्हायचं. या पद्धतीला खंडान्वय म्हणतात. प्रत्येक पदाला दुसऱ्या पदाची जी अपेक्षा असते, तिला आपल्या परंपरेत ‘आकांक्षा’ असा सुंदर शब्द आहे. पदच्छेद, पदांचे अर्थ, विग्रह, वाक्ययोजना आणि आक्षेपांचं समाधान ही टीकेची, म्हणजे ग्रंथावरच्या भाष्याची, पाच अंगं मानली गेली. त्यात पदांचा अर्थ हे फक्त एक अंग आहे. आपली मुलं तिथेच थांबतात.

आता बाईंचे प्रश्न त्या इंग्रजी वाक्याला विचारू. मुख्य क्रियापद कोणतं? ‘रेस्टेड’. काय टेकलं होतं? ‘क्लेम’, म्हणजे दावा. कशावर? ‘फ्यू फॅक्ट्स’वर. इथे ‘अ फ्यू’ नाही, नुसतं ‘फ्यू’ आहे. म्हणजे जेमतेम, नसल्यासारखेच. कसला दावा? सुधारणा फसल्याचा. कोणत्या सुधारणा? समितीने सुचवलेल्या. आता मराठीत लिहा: ‘समितीने ज्या सुधारणा सुचवल्या होत्या त्या फसल्या, असा दावा केला गेला, पण त्या दाव्याला फारसा आधार नव्हता.’ लेखक त्या दाव्याविषयी शंका घेतो आहे. मघाचं उत्तर त्याच्या म्हणण्याच्या अगदी उलट होतं.

‘इंग्रजीतच विचार करा, मराठीत आणू नका,’ असं पुष्कळ क्लासमध्ये बजावतात. बोलण्याच्या सरावासाठी ते योग्य असेल. अवघड वाचनासाठी मला ते पटत नाही. इंग्रजीतून इंग्रजीत लिहिताना न कळलेला भाग जसाच्या तसा उचलून पुढे नेता येतो. मराठी ती सवलत देत नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि इंग्रजी जिथे वाक्याच्या पोटात वाक्य कोंबते तिथे आपण ‘जो-तो’, ‘ज्या-त्या’ वापरून दोन्ही वाक्यं शेजारी ठेवतो. मराठीत आणायचं तर मूळ वाक्य पूर्ण सोडवावंच लागतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना हा व्यायाम आयता मिळत होता.

आपण कळलं म्हणतो तेव्हाही कळलेलं असतंच असं नाही. पीटर वेसन आणि शुली राइक या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली एका वाक्याचा अभ्यास मांडला: ‘नो हेड इंज्युरी इज टू ट्रिव्हियल टू बी इग्नोअर्ड.’ वाचणारा सहज म्हणतो, डोक्याची जखम कितीही किरकोळ असो, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. आता त्याच साच्यातलं दुसरं वाक्य घ्या: ‘नो व्हिलेज इज टू स्मॉल टू बी काउंटेड.’ गाव कितीही लहान असो, ते मोजावं. हाच साचा पहिल्या वाक्याला लावला तर अर्थ निघतो, जखम कितीही किरकोळ असो, तिच्याकडे दुर्लक्ष करावं! ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही इथे फसतात, कारण आपण वाक्य वाचण्याऐवजी आपली अपेक्षा वाचतो. ती पकडण्याचा खात्रीचा उपाय एकच: वाक्याचा एकेक सांधा उलगडून लिहून काढणं.

या सरावाचा सर्वांत चिवट विद्यार्थी होता बेंजामिन फ्रँकलिन. साधारण 300 वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करताना त्याच्या हाती ‘स्पेक्टेटर’ नियतकालिकाचा एक सुटा खंड पडला. त्याने काय केलं ते आत्मचरित्रात नोंदवलं आहे. प्रत्येक वाक्याच्या आशयाची छोटी टिपणं काढायची, ती काही दिवस बाजूला ठेवायची, मग पुस्तक न उघडता लेख पुन्हा लिहायचा आणि मुळाशी ताडून चुका दुरुस्त करायच्या. कधी तो टिपणं मुद्दाम विस्कटून टाकायचा आणि काही आठवड्यांनी त्यांचा क्रम लावायचा. विस्कटलेली वाक्यं जुळवण्याचे कॅटमधले प्रश्न सोडवणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. काही कथा त्याने पद्यात घातल्या आणि मूळ विसरल्यावर त्या पुन्हा गद्यात आणल्या. शब्दसाठा आणि विचारांची मांडणी सुधारावी म्हणून हे सगळं. हा मुलगा शाळेत जेमतेम दोन वर्षं गेला होता.

फ्रँकलिनच्या पद्धतीतला मोलाचा भाग म्हणजे मुळाशी ताडून पाहणं. तिथेच कळतं काय निसटलं. बहुतेकदा निसटतात ते छोटे शब्द: ‘मे’, ‘सीम्स’, ‘लार्जली’, ‘ओन्ली’. लेखक ‘असू शकेल’ म्हणतो आणि आपण ‘आहे’ लिहून मोकळे होतो. सारांशाच्या प्रश्नात फसवा पर्याय बहुधा याच फटीतून शिरतो.

म्हणून आज एवढंच करा. इंग्रजी अग्रलेखातलं सर्वांत लांब वाक्य निवडा. क्रियापदाखाली रेघ मारा, त्याला बाईंचे प्रश्न विचारा, वर्तमानपत्र घडी करून ठेवा आणि वाक्य मराठीत लिहा. उद्या त्या मराठीवरून ते पुन्हा इंग्रजीत आणा आणि मुळाशेजारी ठेवा. दोन्हींत जिथे फरक पडेल तिथे लाल खूण करा. रोज एक वाक्य असं घेतलं तर महिनाभरात खुणा केलेली तीस वाक्यं जमतील आणि आपण नेमके कुठे घसरतो, ते आपल्याच अक्षरात समोर असेल.