दिवाळीत दा नांग? आधी वारा विचारा

दिवाळीच्या सहलींच्या पानभर जाहिराती पुन्हा सुरू झाल्या आहेत. बँकॉक-पट्टायाच्या शेजारी आता व्हिएतनामचं दा नांग ठळक अक्षरांत असतं. चार रात्री, पाच दिवस, सोनेरी पूल, ‘भारतीय जेवणासह’. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस याच भागात, होई आनच्या गल्ल्यांतून होड्या चालत होत्या. ती छायाचित्रं आपण सगळ्यांनीच पाहिली. आपल्याकडे तेव्हा फराळाचे डबे जेमतेम रिकामे झाले होते. त्या पुराचा जोर मोठा होता, पण त्याची वेळ नेहमीचीच होती.

हे गणित साताऱ्याच्या माणसाला चटकन कळेल. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस माण-खटावला पोचेपर्यंत संपलेला असतो. व्हिएतनाममध्ये सह्याद्रीचं हे काम चुओंग सन नावाची डोंगररांग करते. उन्हाळी मोसमी वारा आपलं पाणी लाओसच्या बाजूला रितं करतो आणि दा नांगकडे उतरतो तो कोरडा, तापलेला. तिथले लोक त्याला ‘लाओसचा वारा’च म्हणतात. सप्टेंबरनंतर वारा फिरतो. ईशान्येकडून, समुद्रावरून भरून येतो आणि त्याच डोंगरांवर या बाजूने आदळतो. जोडीला वादळं असतात. वर्षभराचा जवळपास निम्मा पाऊस ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांत पडतो. म्हणजे आपल्या दारात आकाशकंदील लागतो तेव्हा त्यांच्याकडे आषाढ असतो.

तेव्हा जायचं असेल तर होळीपासून मेअखेरपर्यंत जावं. मार्चमध्ये हवा सुखाची असते. मी खेच्या किनाऱ्यावर पोहायचं असेल तर एप्रिल-मे चांगले. तरी लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरू नये. जून-जुलैत ऊन भाजून काढतं. आतषबाजीचा महोत्सवही तेव्हाच असतो, त्यामुळे हॉटेलं महाग. जानेवारी-फेब्रुवारीत येणारं ‘तेत’, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, टाळलेलंच बरं. सरकारी कचेऱ्या बंद राहतात आणि व्हिसाही अडकतो.

व्हिसा ऑनलाइन मिळतो: ९० दिवसांपर्यंतचा, एका प्रवेशासाठी २५ डॉलर. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट व्हीएन’ने संपतो, बाकीची मध्यस्थांची दुकानं. आपली नावं तीन मजली असतात, त्यामुळे आडनाव कुठल्या रकान्यात आणि वडिलांचं नाव कुठे, हे पासपोर्ट समोर ठेवूनच भरावं. विमानतळावर एका अक्षराचा फरकही महाग पडतो.

पैशांचं म्हणाल तर तिथे उतरताच आपण लक्षाधीश होतो. डोंगच्या रकमेतली शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्या आकड्याला सव्वातीन-साडेतीनने गुणायचं, की रुपये आले. पण वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. रात्री टॅक्सीत घाईने चुकीची नोट दिली की दीड हजारावर रुपये गेले. मोबाइलवरून ‘ग्रॅब’ बोलवावी, भाडं आधीच कळतं. स्कूटर भाड्याने देणारा परवाना विचारीलच असं नाही. अपघात झाला तर विमा कंपनी मात्र पहिला प्रश्न तोच विचारते.

शाकाहारी मंडळींना एकच शब्द पाठ करायचा आहे आणि तो आपल्या ओळखीचा आहे: ‘चाय’. व्हिएतनामी भाषेत ‘आन चाय’ म्हणजे शाकाहार. पाटीवर ‘कॉम चाय’ लिहिलेलं असलं तर आत बिनमांसाचा भात मिळतो. ‘भाज्या घाला’ एवढं सांगून भागत नाही, कारण नुअक माम ही मासळीची पातळ चटणी तिथे मिठासारखी सगळ्यात पडते. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथले अनेक बौद्ध लोक मांसाहार करत नाहीत. आपल्या एकादशी-चतुर्थीसारखंच. त्या दिवशी चाय खानावळी भरलेल्या असतात. ‘भारतीय जेवणासह’ची थंड पनीर भाजी बसमध्येच राहू द्यावी.

आता माझ्या आवडीचं. जाहिरातीतला सोनेरी पूल बा ना डोंगरावर आहे आणि तो २०१८ मध्ये खुला झाला. त्याला पेलणारे ते शेवाळलेले ‘दगडी’ हात फायबरग्लासचे आहेत. फोटो जरूर काढावा, पण अख्खा दिवस तिथेच घालवू नये. शहरात ड्रॅगन पूल शनिवार-रविवारी रात्री नऊला आग ओकतो, तेव्हा गर्दी उसळते. त्याच पुलाच्या पश्चिम टोकाला १९१९ मध्ये उघडलेलं, इथल्या प्राचीन चाम लोकांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. ते संध्याकाळी बंद होतं, म्हणून दुपारीच जावं. तिथे सातव्या-आठव्या शतकातला उभा गणपती आहे, हातातल्या वाटीत सोंड घातलेला. आपल्या माणसाला त्या वाटीत काय असेल ते सांगावं लागत नाही.

हा गणपती आला मीसनहून. ‘माय सन’ नव्हे. मीसन, म्हणजे सुंदर डोंगर. चौथ्या शतकात भद्रवर्मा या चाम राजाने तिथे भद्रेश्वर शिवाचं देऊळ उभारलं. पुढे शतकानुशतकं विटांची मंदिरं उठत गेली. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बवर्षावात त्यातली बरीच कोसळली. १९८१ मध्ये काझिमिएश क्फियात्कोव्स्की हा पोलिश वास्तुतज्ज्ञ तिथे काम करायला आला, तेव्हा रानात सुरुंग होते. ‘काझिक’ म्हणून लोक त्याला ओळखू लागले. तो १९९७ मध्ये हुए शहरात, कामावर असतानाच वारला. दोन वर्षांनी मीसन आणि होई आन दोन्ही जागतिक वारसा यादीत गेली. होई आनमध्ये त्याचा पुतळा आहे. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानेही मीसनमध्ये काम केलं आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. जुलै २०२५ पासून होई आन आणि मीसन दोन्ही दा नांग शहराच्याच हद्दीत आली आहेत. अंतर मात्र कमी झालेलं नाही. मीसन सत्तरेक किलोमीटरवर आहे, तेव्हा पहाटेच निघावं.

व्हिएतनामने शिवरायांच्या गनिमी काव्यावरून अमेरिकेला हरवलं, असा एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतो. त्याचा पुरावा आजवर कुणी दिलेला नाही. ज्यांना तिथे आपलं काही शोधायचंच आहे, त्यांच्यासाठी तो गणपती आहे. त्याला निरोपाची गरज नाही.

शेवटी होई आनच्या जुन्या लाकडी घरांत जरूर डोकवा. पूर्वी जहाजं वाऱ्यावर चालत, म्हणून चिनी-जपानी व्यापाऱ्यांना वारा फिरेपर्यंत इथे महिनोन्‌महिने थांबावं लागे. या मुक्कामांतूनच हे बंदर भरभराटीला आलं. भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा वर्षं घालून लिहिलेल्या दिसतील. मान वर केली की माळ्याला चौकोनी झडप दिसेल. पाणी चढू लागलं की माल दोराने त्यातून वर ओढायचा. ऑक्टोबर येणार हे घर बांधतानाच धरलेलं होतं. आपल्याला ते फक्त तिकीट काढताना आठवायचं आहे.