वेबसाइट स्वस्तात कशी पडते?

म्हैसूरहून कृष्णराजसागरच्या रस्त्याला लागलं की मेटगळ्ळीच्या बाजूला बेळगोळ औद्योगिक क्षेत्र आहे. अशा वसाहतीतल्या लहान कारखानदाराचं गिऱ्हाईक रस्त्यावरची पाटी वाचून येत नाही. ते चाकणला किंवा शिरोलीला बसून फोनवर सुटा भाग शोधत असतं. म्हणून वेबसाइट हवी. मग कुणी काही हजारांत करून देतो म्हणतो, कुणी लाखाचं कोटेशन धरतो आणि मालक चक्रावतो. स्वस्तवाला फसवतोय का? दर वेळी नाही. या स्वस्ताईमागे तंत्रज्ञान आहे.

सुरुवात 30 एप्रिल 1993 ला झाली. त्या दिवशी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने वेबचं मूळ तंत्र सगळ्यांना फुकट खुलं केलं. मात्र साइट जगाला दिसायची तर ती चोवीस तास चालू असलेल्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावी लागते. अशा संगणकाला आकडी पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगभरात मिळून सुमारे 429 कोटीच. सुरुवातीच्या नियमांत ब्राउझर सर्व्हरकडे फक्त पान मागायचा, कोणत्या साइटचं ते सांगायचा नाही. त्यामुळे साधारणपणे दर साइटला स्वतंत्र पत्ता लागे. 1997 साली आलेल्या एचटीटीपी 1.1 या नव्या नियमावलीने विनंतीत 'होस्ट' नावाची एक ओळ सक्तीची केली. चाळीचा पत्ता एकच असला तरी पाकिटावरचं नाव वाचून पोस्टमन बरोबर खोली गाठतो, तसं झालं. एका संगणकावर शेकडो साइट नांदू लागल्या आणि भाडं वाटलं गेलं. शेअर्ड होस्टिंग म्हणतात ते हेच. शेजारच्या साइटवर गर्दी उसळली तर आपली मंदावते, हा त्याचा तोटा.

बांधणीचा खर्चही असाच उतरला. 2003 साली आलेलं वर्डप्रेस हे साइट बांधायचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइट त्यावर चालतात. ब्राउझरमध्ये साइटच्या नावाशेजारी दिसणाऱ्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र पूर्वी दरसाल विकत घ्यावं लागे. 2015 च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा ते सगळ्यांना फुकट देते. त्याचे पैसे कुणी वेगळे लावले तर कशाचे, ते जरूर विचारा.

म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः माणसाच्या कामाचे, आणि काटकसर नेमकी तिथेच नडते. फोनने काढलेला 4 एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवला, तर सेकंदाला 8 मेगाबिट वेगाच्या जोडणीवर तो उतरायला 4 सेकंद लागतात. असे दहा फोटो म्हणजे 40 सेकंद. तेवढा वेळ गिऱ्हाईक थांबत नाही. तोच फोटो पडद्याच्या मापाचा करून वेबपी प्रकारात जतन केला, तर बहुधा दीड-दोनशे केबीत भागतं. काम दोन मिनिटांचं, पण घाईत बनवलेल्या साइटवर हमखास राहून जातं. वर्डप्रेस आणि त्याची प्लगिन्स वेळोवेळी अद्ययावत न करणं त्याहून वाईट, कारण जुन्या आवृत्तीतली भोकं चोरांना ठाऊक असतात.

सगळ्यात महागात पडते ती डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, हयगय. बनवणारा सोयीसाठी ते स्वतःच्या नावावर घेतो, आणि पुढे बिनसलं की दुकानाचं नाव त्याच्या ताब्यात राहतं. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा. 2014 पासून देवनागरीत '.भारत' हे डोमेनही मिळतं. पाटीवर ते शोभून दिसतं, पण परप्रांतातल्या गिऱ्हाइकासाठी रोमन नावही घेऊन ठेवावं.

तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी डोमेन तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर नोंदवून घ्या, होस्टिंगचा पासवर्ड मागून घ्या आणि बॅकअप कोण, किती दिवसांनी घेणार ते कोटेशनवर लिहून घ्या. एवढं द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.