पडद्यावरचा कॉम्प्युटर एवढा बडबड्या का?

सिनेमातला कॉम्प्युटर कधी गप्प बसलेला पाहिलाय तुम्ही? अक्षर उमटलं की टिक, ओळ संपली की टिर्रर्र, आणि चूक झाली की अख्ख्या पडद्यावर लालभडक पाटी, तीही भोंग्यासकट! तो चालवणारा माणूस तर त्याहून भारी. माऊसला हात लावत नाही, नुसता तडतड टाइप करत सुटतो आणि दहाव्या सेकंदाला ओरडतो, “शिरलो आत!” आता शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बघा. तिथला साधासुधा कॉम्प्युटरसुद्धा सेकंदाला कोट्यवधी गणितं करतो, पण आवाज येतो तो फक्त त्याच्या पंख्याचा.

सिनेमावाल्यांची अडचण नेमकी इथेच आहे. कॉम्प्युटरचं खरं काम दिसतच नाही. चिपच्या आत अतिशय बारीक स्विच चालू-बंद होत राहतात, बस्स. कॅमेरा त्यात काय टिपणार? मग दिवे लुकलुकवायचे, आवाज भरायचे, अक्षरं मोठ्ठी करायची. टाइप करणाऱ्या नटासाठी तर पुष्कळदा अशी सोय केलेली असते की त्याने कुठलंही बटण दाबलं, तरी आधी लिहून ठेवलेलंच पुढचं अक्षर उमटतं. म्हणून तो इतका सुसाट आणि बिनचूक!

या खटपटीतला माझा सगळ्यात लाडका किस्सा १९८१ सालचा आहे. जॉन कार्पेंटर या दिग्दर्शकाचा ‘एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क’ हा सिनेमा. त्यात नायक रात्रीच्या अंधारात ग्लायडरमधून न्यू यॉर्कवर उतरतो आणि समोरच्या छोट्या पडद्यावर त्याला इमारतींचा नुसता रेघांचा नकाशा सरकताना दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, काय जबरदस्त कॉम्प्युटर आहे! पण त्या काळी खऱ्या कॉम्प्युटरवर असं चित्र तयार करणं फार महाग होतं. मग त्यांनी काय केलं? शहराची एक छोटी प्रतिकृती घेतली, ती काळीकुट्ट रंगवली, प्रत्येक इमारतीच्या कडांवर चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि तिच्यावरून कॅमेरा फिरवला. काळा रंग अंधारात गायब झाला, उरल्या फक्त रेघा. कॉम्प्युटरचं चित्र दाखवायला कॉम्प्युटर वापरलाच नाही! असल्या फसवणुकीवर मी बेहद्द खूश असतो.

कधीकधी उलटंही होतं. ‘ज्युरासिक पार्क’मध्ये (१९९३) लेक्स नावाची मुलगी कॉम्प्युटरसमोर बसते आणि पडद्यावर चौकोनी ठोकळ्यांचं एक जग दिसतं. त्यावरून उडत उडत ती हवी ती फाइल शोधते. हे पाहून कितीतरी लोक हसले, ‘फाइली अशा असतात होय?’ म्हणाले. पण तो प्रोग्राम अगदी खरा होता! सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीने तो तयार केला होता.

पण एक थाप मात्र मला अजिबात चालत नाही. डिटेक्टिव्ह एक धूसर फोटो बघतो आणि म्हणतो, “झूम करा. अजून करा. आता स्पष्ट करा.” की लगेच पळून जाणाऱ्या गाडीचा नंबर लख्ख दिसायला लागतो. ‘ब्लेड रनर’ (१९८२) या सिनेमात तर नायक एका फोटोत आत आत शिरत जातो आणि आरशातल्या प्रतिबिंबातून थेट पलीकडच्या खोलीतली बाई शोधून काढतो.

खरं काय असतं, सांगतो. डिजिटल फोटो म्हणजे रंगीत चौकोनांच्या रांगा. त्या चौकोनांना पिक्सेल म्हणतात. समजा, दूरच्या गाडीची नंबर प्लेट फोटोत १२ पिक्सेल रुंद आणि ४ पिक्सेल उंच आली आहे. म्हणजे सगळे मिळून चौकोन झाले ४८. एवढ्या ४८ चौकोनांत दहा अक्षरं आणि आकडे कसे मावणार? झूम केलं की तेच ४८ चौकोन मोठे दिसतील, नवीन एकही येणार नाही. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते त्या फोटोत नाहीच. आता काही अ‍ॅप धूसर फोटो चकचकीत करून देतात, पण ती मधल्या जागा अंदाजाने भरतात. चेहरा छान दिसेल, पण तो त्याच माणसाचा असेल याची खात्री नाही. अशा अंदाजावर पोलिसांनी एखाद्याला पकडलं तर? म्हणूनच ही थाप मला खुपते.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या सिनेमाकडे येऊ. ‘वॉरगेम्स’, साल १९८३. डेव्हिड नावाचा अमेरिकन शाळकरी मुलगा. त्याला एका कंपनीचे नवे गेम गुपचूप खेळायचे असतात. तो टेलिफोनचा रिसीव्हर मोडेम नावाच्या यंत्रावर ठेवतो आणि त्याचा कॉम्प्युटर एका शहरातले नंबर ओळीने फिरवत बसतो. कुठल्या नंबरावर माणसाऐवजी कॉम्प्युटर ‘उचलतो’, याची यादी होते. हे सगळं त्या काळी खरोखर शक्य होतं. शाळेच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड त्याला कसा मिळतो माहितीये? तडतड टाइप करून नाही. शाळेच्या ऑफिसात कुणीतरी कागदावर लिहून ठेवलेला असतो, तो वाचून! आजही कितीतरी पासवर्ड असेच फुटतात.

डेव्हिड चुकून लष्कराच्या कॉम्प्युटरला जाऊन भिडतो, आणि तो कॉम्प्युटर खेळ समजून खरं अणुयुद्ध सुरू करायला निघतो. क्षेपणास्त्रं सोडायची तर त्याला अक्षरं आणि आकडे मिळून दहा जागांचा गुप्त कोड हवा. तो शोधू लागतो, आणि एकेक अक्षर ‘सापडून’ पडद्यावर पक्कं होत जातं. एवढ्या चांगल्या सिनेमात हा घोटाळा!

वही घ्या, हिशोब करू. इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० आकडे, म्हणजे प्रत्येक जागेसाठी ३६ पर्याय. एकेक जागा वेगळी शोधता आली, तर दहा जागांना जास्तीत जास्त ३६० प्रयत्न पुरतील. पण खरं कुलूप असं चुगली करत नाही. पेपर तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक अक्षरानंतर ‘हे बरोबर, पुढचं लिही’ म्हणावं, तसलाच हा प्रकार झाला! नीट बनवलेल्या यंत्रणेत पासवर्ड जसाच्या तसा साठवलेलाही नसतो. गणिताने त्याची एक लांबलचक खूण बनवतात आणि तीच ठेवतात. पासवर्डचं एक अक्षर बदललं की ती सगळी खूण बदलते. त्यामुळे नऊ अक्षरं बरोबर आणि एक चूक असलं, तरी उत्तर एकच, ‘चूक’. मग दहाच्या दहा अक्षरं एकदम जुळवावी लागतात. ३६ ला ३६ ने असं दहा जागांसाठी गुणत गेलात, तर उत्तर येतं ३,६५,६१,५८,४४,००,६२,९७६. सेकंदाला एक कोटी कोड तपासणारं यंत्र आणलं, तरी सगळे तपासायला साडेअकरा वर्षं लागतील. सिनेमात ते काम मिनिटांत उरकतं.

आणि तरीही तो सिनेमा मला आवडतो, कारण शेवटी जगाला वाचवतो तो फुल्ली-गोळा! डेव्हिड त्या कॉम्प्युटरला स्वतःशीच फुल्ली-गोळा खेळायला लावतो. या खेळाचे एकूण २,५५,१६८ वेगवेगळे डाव होऊ शकतात, पण दोघेही न चुकता खेळले तर कुणीच जिंकत नाही. तुम्हीही करून बघा. अणुयुद्धाचंही तसंच आहे, हे त्या कॉम्प्युटरला उमगतं.

जून १९८३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी हा सिनेमा पाहिला. काही दिवसांनी एका बैठकीत त्यांनी सेनाधिकारी जनरल व्हेसी यांना विचारलं, की आपल्या कॉम्प्युटरमध्ये असं कुणी खरंच शिरू शकेल का? आठवड्याभराने व्हेसी उत्तर घेऊन आले: परिस्थिती तुम्हाला वाटते त्याहून वाईट आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये रेगन यांनी सरकारी कॉम्प्युटरच्या सुरक्षेसाठी अधिकृत आदेश काढला.

सिनेमातल्या खोट्या कॉम्प्युटरची एक खूण मात्र तुम्हाला स्वतःच पकडता येईल. इंटरनेटवर कॉम्प्युटरचा पत्ता पुष्कळदा चार आकड्यांचा असतो, मध्ये टिंबं देऊन लिहिलेला. प्रत्येक आकड्याला आठ स्विचची जागा मिळते. आठ स्विच चालू-बंद करून २५६ वेगवेगळ्या रचना होतात, म्हणून आकडा ० ते २५५ यांतलाच असतो. ‘द नेट’ या १९९५ च्या सिनेमात एक पत्ता दिसतो: २३.७५.३४५.२००. तिसरा आकडा बघा! असा पत्ता जगातल्या कुठल्याच कॉम्प्युटरचा असू शकत नाही. त्याचा एक फायदाही आहे. सिनेमा पाहून कुणी तो टाइप केला, तरी कुणाच्या खऱ्याखुऱ्या कॉम्प्युटरचं दार वाजत नाही. अमेरिकन सिनेमांत फोन नंबर पुष्कळदा ५५५ ने सुरू होतात, तेही याच कारणाने.