पोस्ट टाकली, पुढे काय? प्रसिद्धी समितीसाठी महाडचा धडा

जयंती जवळ आली की प्रत्येक विहाराच्या प्रसिद्धी समितीला काम लागते. फ्लेक्स, पोस्टर, व्हॉट्सअॅपवर निमंत्रण, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना फोटो. हे काम आपली मुले-मुली उत्तम करतात. पण एखाद्या विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती अडली, वस्तीतले पाणी बंद झाले किंवा विहाराच्या जागेवर नोटीस आली, की तीच समिती गोंधळते. संतापाची पोस्ट पडते, दोनशे जण 'जय भीम' लिहितात आणि आठवड्याभरात विषय मागे पडतो. विद्यार्थिनीची फी मात्र तशीच थकलेली असते.

याचे कारण सोपे आहे. लोकांशी बोलणे आणि शासनाशी बोलणे ही दोन वेगळी कामे आहेत. मोठ्या कंपन्या त्यासाठी वेगवेगळी माणसे नेमतात. पहिल्याला जनसंपर्क म्हणतात, दुसऱ्याला पब्लिक अफेअर्स. आपल्याकडे पहिल्या कामाला समिती असते, दुसरे कोणाच्याच वाट्याला दिलेले नसते. खरे तर ही दोन्ही कामे एकत्र कशी चालवायची हे आपल्या चळवळीने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.

महाड आपल्याला चवदार तळ्यावरच्या ओंजळभर पाण्यामुळे आठवते. त्या ओंजळीमागे कागद होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले, ते नगरपालिकेनेच मान्य केलेला हक्क बजावण्यासाठी. मागणी नेमकी होती आणि तिच्यामागे शासनाचाच निर्णय होता.

त्याच दिवशी गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. त्या अफवेवरून प्रतिनिधींवर हल्ला झाला. तेव्हा आपली बाजू मांडायला आपले पत्र नव्हते. १९२० साली सुरू झालेला 'मूकनायक' बंद पडला होता. दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले आणि महाडची हकिकत आपल्या शब्दांत समाजापुढे आली.

पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. सत्याग्रहासाठी जमलेल्या लोकांना बाबासाहेबांनी थांबवले आणि लढाई कोर्टात नेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. अस्पृश्यांना तळ्यावर बंदी असल्याची प्राचीन वहिवाट विरोधकांना सिद्ध करता आली नाही. दहा वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा हे घडले.

याच काळात दुसरे काम पुण्यात झाले. बहिष्कृत हितकारिणी सभेने मे १९२८ मध्ये सायमन कमिशनला लेखी निवेदन दिले आणि २३ ऑक्टोबर १९२८ रोजी बाबासाहेबांनी पुण्यात कमिशनपुढे साक्ष दिली. काँग्रेसने कमिशनवर बहिष्कार टाकला होता. बाबासाहेबांचा हिशेब वेगळा होता: निर्णय जिथे होणार, तिथे आपले म्हणणे नोंदले गेले पाहिजे.

आता हे कर्वेनगरच्या एखाद्या विहाराला कसे लावायचे? समितीत चार कामे चौघांना वाटून द्या. एकाने नोंद ठेवायची: काय घडले, कधी, कोणासमोर, कोणता कागद हाती आहे. एकाने लिहायचे: अर्ज, निवेदन, बातमी. एकाने पाठपुरावा करायचा. आणि माध्यमांशी एकानेच बोलायचे. 'बहिष्कृत भारत'चा बहुतेक मजकूर बाबासाहेबांना स्वतः लिहावा लागे आणि पैशांच्या ओढाताणीत ते नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडले. एकाच्या खांद्यावर सगळे टाकले की त्यांच्यासारख्या माणसाचेही पत्र टिकत नाही.

मग दार ओळखा. गटार, दिवे, पाणी यांसाठी महापालिकेचे वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालय. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवायला सुरुवात केली, ते अर्जही क्षेत्रीय कार्यालयातच जातात. शिष्यवृत्तीसाठी मात्र तिथे जाऊन उपयोग नाही. महाडीबीटीवरचा अर्ज आधी कॉलेज तपासते, मग समाजकल्याण खाते. तो कॉलेजच्या लॉगिनला अडकला आहे की पुढे, हे पाहिल्याशिवाय कोणावरही पोस्ट लिहू नका.

प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याची मुदत ३० दिवसांची, ती उलटली की पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. प्रमाणपत्र किंवा दाखल्याचे काम असेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. बातमी द्यायची ती या कागदांच्या आधारे. पत्रकाराला घोषणेपेक्षा तारीख आणि आवक क्रमांक उपयोगी पडतो.

अफवा उठली तर महाडसारखे दोन आठवडे थांबण्याची वेळ आज आपल्यावर नाही. त्याच संध्याकाळी एका पानाची खरी हकिकत द्या. जे कळलेले नाही ते लिहू नका. आणि अत्याचाराच्या घटनेत पीडित कुटुंबाच्या संमतीशिवाय नाव, फोटो, व्हिडिओ काही टाकू नका. आपल्या पोस्टमुळे त्या घरावर पुन्हा संकट येता कामा नये.

शेवटचा प्रश्न मोजमापाचा. महिन्याच्या बैठकीत लाइक आणि फॉलोअर वाचून दाखवण्याऐवजी वहीत तीन रकाने आखा: किती अर्ज दिले, किती उत्तरे आली, किती कामे झाली. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामा दिसेल. तो का रिकामा आहे, यावर बैठकीत चर्चा झाली की समितीचे काम सुधारू लागेल. कारण मग पुढचे पत्र कोणत्या टेबलावर द्यायचे, हे प्रत्येकाला माहीत असेल.