दराआधी दस्त

पुण्यात कोथरूडला किंवा ठाण्यात नौपाड्याला जुना फ्लॅट विक्रीला निघाला, की पहिली बोलणी होतात ती चौरस फुटाच्या दराची. दर जुळला की टोकन, टोकनपाठोपाठ बँकेत कर्जाचा अर्ज, आणि त्यानंतर कधीतरी कागदांचा गठ्ठा वकिलाकडे जातो. ही प्रथा इतकी रुळली आहे, की तिच्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतही नाही. पण टोकन देऊन झाले की खरेदीदार बांधला जातो. भाड्याचे घर सोडण्याची नोटीस दिलेली असते, मुलांच्या शाळेची चौकशी झालेली असते. अशा वेळी कागदात खोट निघाली तर दोनच वाटा उरतात: टोकनवर पाणी सोडायचे किंवा खोट पूर्ण किमतीला पदरात घ्यायची. बहुतेक लोक दुसरी वाट धरतात. जी त्रुटी आधी कळली असती तर भाव काही लाखांनी खाली आला असता, तीच फुकटात गळ्यात पडते. म्हणून माझे म्हणणे असे, की फ्लॅटचे कागद ही व्यवहार ठरल्यावर उरकायची औपचारिकता नाही. कागद हा किमतीचाच भाग आहे आणि तो वाचल्याशिवाय दर बोलूच नये.

याचे मूळ आपण नेमके काय विकत घेतो यात आहे. भिंती आणि फरशी दिसतात, पण चाळीस वर्षांच्या इमारतीत त्यांचे मोल फारसे उरलेले नसते. किंमत असते ती खालच्या जमिनीतल्या हक्काला. महाराष्ट्रात १९६३च्या सदनिका कायद्याने, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात, सोसायटी नोंदल्यावर बिल्डरने जमीन आणि इमारत चार महिन्यांत सोसायटीच्या नावे करून द्यावी असा दंडक घातला. यालाच अभिहस्तांतरण किंवा कन्व्हेयन्स म्हणतात. प्रत्यक्षात हजारो सोसायट्यांची मिळकत पत्रिका किंवा सातबारा आजही मूळ जमीनमालकाच्या नाहीतर बिल्डरच्या नावावर आहे. सभासद मिळकतकर भरतात, रंगरंगोटी करतात, लिफ्ट बदलतात, पण जमीन दुसऱ्याची. पुनर्विकासाची वेळ येईपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. मग शिल्लक चटईक्षेत्र कोणाचे, वाढीव टीडीआर कोणी वापरायचा, असे प्रश्न निघतात आणि मूळ मालकाचे वारस किंमत मागायला पुढे येतात. विधिमंडळाने २००८ साली दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग उघडला. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा आणि सहा महिन्यांत निर्णय व्हावा, अशी तरतूद आहे. मार्ग चांगला आहे, पण त्यासाठी मंजूर नकाशे, प्रत्येक सभासदाचा नोंदलेला करारनामा आणि चिकाटीची कमिटी लागते. ‘लवकरच पुनर्विकास होणार आहे’ म्हणून विक्रेता चढा दर सांगत असेल, तर कन्व्हेयन्स झाले आहे का हा प्रश्न त्याच क्षणी विचारायला हवा. झाले नसेल तर तो वाढीव दर अजून हातात नसलेल्या गोष्टीचा आहे.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. इथल्या पुष्कळ इमारती सोसायट्या नसून १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली आलेल्या आहेत. तिथे जमीन सर्व फ्लॅटधारकांची सामायिक असते आणि प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत ठरलेला असतो. तो घोषणापत्रात, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, लिहिलेला सापडतो. अशा ठिकाणी भाग दाखला मागून उपयोग नाही. डीड ऑफ अपार्टमेंट नोंदले गेले आहे का, ते पाहायचे. कित्येकांकडे फक्त बिल्डरशी झालेला जुना करारनामा असतो, पुढचा दस्त कधी झालेलाच नसतो. शेजारच्या दोन इमारतींत एकाच आकाराचे फ्लॅट एकाच दराने विकले जातात आणि एकात जमिनीचा हिस्सा नावावर असतो, दुसऱ्यात नसतो. दोघांचा दर एकच असावा, हे मला पटत नाही.

जमिनीनंतर इमारतीची परवानगी. भोगवटा पत्र नसलेल्या इमारतीत लोक वर्षानुवर्षे राहतात, पाणी-वीज येते, म्हणून ‘इतकी वर्षे कोणी हात लावला नाही’ असे सांगितले जाते. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीतही हेच सांगितले जात होते. पाच मजल्यांची परवानगी असताना त्याहून कितीतरी उंच इमारती १९८०च्या दशकात उभ्या राहिल्या, कुटुंबे दोन-तीन दशके राहिली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वरचे मजले बेकायदा ठरवले. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवरच्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. तिथली माणसे कष्टाचे पैसे घालून घरात आली होती. त्यांच्या हातात करार होते, चाव्या होत्या, वीजबिले होती. आरक्षण विकास आराखड्यात नोंदलेले असते आणि तो कोणालाही पाहता येतो. तोच आराखडा पाहताना नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषाही पाहून घ्याव्यात. २५ जुलै २०२४ रोजी मुठेचे पाणी पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले, तेव्हा या रेषांचा अर्थ अनेकांना पहिल्यांदा कळला.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की बँक कर्ज देते म्हणजे कागद साफच असणार. बँक तपासणी करते हे खरे, पण ती आपल्या कर्जाच्या सुरक्षेपुरती करते. तिच्या वकिलाचा अहवाल बँकेसाठी असतो आणि पुढे काही निघाले तरी हप्ते कर्जदारालाच फेडायचे असतात. कन्व्हेयन्स नसलेल्या सोसायटीत बँका सर्रास कर्ज देतात, कारण त्यांना तो धोका चालण्यासारखा वाटतो. तो घेणाऱ्यालाही चालावा, असे नाही. दुसरा आक्षेप नव्या इमारतींबद्दलचा: आता रेरा आहे. १ मे २०१७पासून या कायद्याने फार मोठे काम केले आहे, यात शंका नाही. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे, नोंदलेल्या कराराशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम न घेणे, ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी, ही साधी गोष्ट नव्हे. पण कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले आणि नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारतींवर हातोडा चालवण्याचा आदेश दिला. संकेतस्थळावर क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नये. त्या पानावर जोडलेली बांधकाम परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागाने खरोखर दिली आहे का, हे विचारायला एक साधा अर्ज पुरतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. चांगले घर थांबत नाही; तुम्ही कागद तपासत बसाल, तोवर दुसरा टोकन देऊन मोकळा होईल. हे खरे आहे. त्यावर उपाय तपासणी सोडून देण्याचा नाही, टोकनची अट बदलण्याचा आहे. लहान रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी आणि एका पानावर लिहून घ्यावे, की अमुक दिवसांत हक्काचा शोध अहवाल समाधानकारक न आल्यास रक्कम पूर्ण परत मिळेल. ज्याचे कागद नीट आहेत, तो विक्रेता या अटीला सहसा नाही म्हणत नाही. या दिवसांतच दराचाही खरा अंदाज घेता येतो. जाहिरातीतले आकडे मागणीचे असतात. त्याच इमारतीत प्रत्यक्ष किती रुपयांना व्यवहार नोंदला गेला, हे नोंदणी विभागाच्या ई-शोध सेवेवर सूची क्रमांक दोनमध्ये दिसते. तिथे मोबदला आणि क्षेत्रफळ दोन्ही असतात. तुलना कार्पेट क्षेत्रावरच करावी, नाहीतर बिल्टअप आणि सेलेबलच्या घोळात स्वस्त वाटलेले घर महाग निघते. ‘पार्किंगसह’ म्हटले असेल तर ते कशाच्या आधारे, हेही पाहावे. उघडे किंवा स्टिल्टखालचे पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. वाटप सोसायटी करते.

पैशांच्या हिशोबात दराशिवायचे खर्चही आधीच धरावे लागतात. पुणे शहरात मुद्रांक शुल्क सर्व अधिभारांसह ७ टक्के पडते, खरेदीदार स्त्री असेल तर त्यात एक टक्का सवलत आहे. ३० लाखांच्या पुढच्या घराला नोंदणी फी ३० हजार रुपये. शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरप्रमाणे येणाऱ्या मूल्यावर, यांतले जे जास्त असेल त्यावर लागते. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. ‘थोडे रोख’ हा प्रस्ताव आला तर तो नाकारावा, कारण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणे आयकर कायद्याला मंजूर नाही आणि त्या रकमेचा पुरावाही हाती राहत नाही. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार रुपये घेता येते. त्यावर ‘देणगी’ची सक्ती करता येत नाही.

विकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हाच युक्तिवाद अधिक लागू पडतो. आज पुण्या-मुंबईत विक्रीला येणारी कितीतरी घरे आईवडिलांच्या पश्चात मुलांकडे आलेली असतात आणि त्या मुलांपैकी एखादा तरी परदेशात असतो. सोसायटीत नॉमिनी म्हणून आपले नाव आहे, म्हणजे घर आपले झाले, ही समजूत इथे व्यवहार अडकवते. नॉमिनीकडे सोसायटी भाग हस्तांतरित करू शकते, पण मालकी वारसांचीच राहते. बाकीच्या वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा सर्वांच्या सह्या नसतील, तर जाणता खरेदीदार मागे फिरतो. परदेशी राहणाऱ्याने कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून किंवा नोटरी व अपोस्टिल करून पाठवले, तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितले आहे. ते फक्त सही करण्याचा अधिकार देते. विक्रेता अनिवासी असेल तर टीडीएस एक टक्का नसतो. दर बराच जास्त असतो आणि तो साधारणतः नफ्यावर नव्हे, पूर्ण रकमेवर कापला जातो. आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी आणले तर मोठी रक्कम परताव्याची वाट पाहत अडकत नाही, पण ते मिळायला काही आठवडे लागतात. म्हणून हा अर्ज गिऱ्हाईक ठरल्यानंतर करून चालत नाही. मूळ करारनामा, मधल्या प्रत्येक विक्रीचे नोंदलेले दस्त, भाग दाखला, भोगवटा पत्र, फिटलेल्या कर्जाचा बँकेचा दाखला आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र अशी फाइल तयार ठेवून दर सांगणारा विक्रेता आपल्या आकड्यावर ठाम राहू शकतो. यांतला जुना करारनामा हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल मिळते, आणि तीही जाहिरात देण्याआधीच काढून ठेवावी.